दोन गोळ्यांमधला वेळ : रेलगनच्या सलग माऱ्याचा प्रश्न

१० डिसेंबर २०१० रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, डालग्रेन इथल्या नौदलाच्या चाचणी केंद्रावर एका रेलगनमधून ३३ मेगाज्यूल ऊर्जेचा गोळा सुटला. दारूचा कणही न वापरता, केवळ विजेच्या जोरावर. इतक्या ऊर्जेचा मारा तोवर कुठल्याही रेलगनने केला नव्हता. साडेदहा वर्षांनी, २०२१ च्या मध्यावर, त्याच नौदलाने पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी पैसे मागितले नाहीत आणि कार्यक्रम थांबला. विक्रम खरा होता आणि थांबण्याचा निर्णयही निराधार नव्हता. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे समजून घ्यायचे तर प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागतो. पहिला गोळा किती जोरात सुटला यापेक्षा दुसरा किती वेळाने सुटला आणि शंभरावा पहिल्यासारखाच सुटला का, हे पाहावे लागते. सलग मारा ही रेलगनला मागाहून जोडायची सोय आहे, असे समजून बराच काळ संशोधन चालले. उपलब्ध पुरावा पाहता मला उलटे वाटते. हे यंत्र तोफ आहे की प्रयोगशाळेतले उपकरण, याचा निकाल दोन गोळ्यांमधल्या वेळेतच लागतो.

यंत्राची रचना ऐकायला अगदी साधी आहे. शेजारी शेजारी दोन धातूचे रूळ, आणि त्यांच्या मधे दोघांनाही घासत सरकणारा धातूचा दुवा. त्याला आर्मेचर म्हणतात. एका रुळातून प्रवाह आत जातो, आर्मेचरमधून पलीकडे जातो आणि दुसऱ्या रुळातून परततो. या फेऱ्यात निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र आर्मेचरला पुढे रेटते आणि आर्मेचर आपल्यापुढचा गोळा घेऊन निघते. हा रेटा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दारूच्या तोफेत गोळ्याला ढकलणारा वायू स्वतःच एका मर्यादेपलीकडे वेगाने पसरू शकत नाही. पहिल्या महायुद्धात पॅरिसवर मारा करणाऱ्या जर्मन तोफेने सेकंदाला सुमारे १,६०० मीटरपर्यंत मजल मारली, पण तिची नळी ६०-६५ गोळ्यांत निकामी व्हायची. प्रत्येक गोळ्यागणिक नळी झिजत असल्याने पुढचा गोळा किंचित जाड करून क्रमांकाने भरावा लागे. रेलगनवर वायूची ही मर्यादा नाही, आणि तिचे आकर्षण इथेच आहे. नळी झिजण्याची कथा मात्र तिलाही चुकलेली नाही.

सुरुवातीपासूनच सलग माऱ्याची अपेक्षा

विजेच्या तोफेचे पहिले गाजलेले प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभीचे. नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्केलँड यांनी १९०१ मध्ये वेटोळ्यांवर चालणाऱ्या तोफेचे पेटंट घेतले. १९०३ मधल्या जाहीर प्रयोगात तिच्यात शॉर्ट सर्किट होऊन विजेची प्रचंड ठिणगी पडली. त्या ठिणगीतूनच पुढे हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्याची पद्धत आणि नॉर्स्क हायड्रो ही कंपनी उभी राहिली. रुळांची तोफ मात्र फ्रेंच संशोधक फॉशों-व्हीयप्ले यांची. त्यांना १९२२ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. १९४४ मध्ये जर्मनीत योआखिम हेन्सलर यांनी विमानविरोधी रेलगनचा आराखडा मांडला. त्यात सेकंदाला २,००० मीटर वेग आणि मिनिटाला १२ गोळे असे लक्ष्य होते, म्हणजे सलग माऱ्याची अपेक्षा सुरुवातीच्या लष्करी आराखड्यातच होती. ती तोफ बांधली गेली नाही. युद्धानंतर आराखड्याची छाननी झाली तेव्हा तत्त्व बरोबर ठरले, पण एकेका तोफेला अर्धे शिकागो शहर उजळेल इतकी वीज लागेल असा निष्कर्ष निघाला.

विजेची ही अडचण ऑस्ट्रेलियात दूर झाली, पण अर्धवट. कॅनबेराच्या राष्ट्रीय विद्यापीठात मार्क ऑलिफंट यांच्या पुढाकाराने फिरत्या चकत्यांमध्ये ५०० मेगाज्यूल ऊर्जा साठवणारे जनित्र उभे राहिले होते. सत्तरच्या दशकात रिचर्ड मार्शल आणि जॉन बार्बर यांनी त्यावर रेलगन चालवून ३ ग्रॅमचा गोळा सेकंदाला ५.९ किलोमीटर वेगाने सोडला. त्या एका आकड्याने जगभरच्या प्रयोगशाळा जाग्या झाल्या. १९८३ नंतर अमेरिकेच्या अंतराळ-संरक्षण योजनेतून पैसा आला आणि टेक्सस विद्यापीठातल्या केंद्रांत हे काम वाढले. पुण्यात पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेनेही १९९४ मध्ये २४० किलोज्यूलच्या कपॅसिटर संचावर तीन-साडेतीन ग्रॅमचा गोळा सेकंदाला २,००० मीटरपलीकडे नेला होता. या साऱ्या कामाची प्रतिष्ठा मात्र एका गोळ्याच्या वेगावर ठरत गेली. वेग मोजणे सोपे, जाहीर करणे सोपे. गोळा सुटल्यावर नळी उघडून, घासून, प्रसंगी रूळ बदलून पुढच्या प्रयोगाची तयारी करायची ही रीत प्रयोगशाळेत गैर नव्हती. तीच पुढे शस्त्राच्या मोजमापातही शिरली.

विजेचा हिशेब

सलग माऱ्याच्या चर्चेत एक पक्ष म्हणतो की मूळ अडचण ऊर्जेच्या साठ्याची आहे. त्यांचे म्हणणे आकड्यांनी तपासता येते. दहा किलोचा गोळा, दहा मीटरची नळी आणि सेकंदाला अडीच किलोमीटर वेग धरला, तर गोळ्याची ऊर्जा सुमारे ३१ मेगाज्यूल होते आणि तो नळीत जेमतेम ८ मिलिसेकंद असतो. त्या ८ मिलिसेकंदांत गोळ्याला मिळणारी सरासरी शक्ती ४ गिगावॅटच्या आसपास जाते. अख्ख्या कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे, म्हणजे दोन कोयना. त्यासाठी रुळांतून सरासरी ३५ लाख अँपिअरच्या घरात प्रवाह जावा लागतो. पण मिनिटाला दहा गोळे सोडायचे म्हटले तर सरासरी काढल्यावर चित्र निवळते. गोळ्यांना लागणारी शक्ती साडेपाच मेगावॅटच्याही आत राहते आणि कार्यक्षमता एक तृतीयांश धरली तरी जहाजाला १५-१६ मेगावॅट पुरवावे लागतात. अमेरिकेच्या झुमवॉल्ट वर्गातल्या युद्धनौकांची वीजक्षमता ७८ मेगावॅट आहे. म्हणजे वीज निर्माण करणे ही आता अडचण राहिलेली नाही. ती सहा सेकंद साठवून ८ मिलिसेकंदांत सोडणे आणि हे न थकता पुन्हा पुन्हा करणे, ही अडचण आहे.

साठ्याचे दोन मार्ग आहेत. कपॅसिटर विश्वासार्ह आहेत, हवा तसा आकार प्रवाहाला देता येतो, पण जागा खातात. स्विच, तारा आणि थंड करण्याची व्यवस्था धरली की जहाजाचे मोठे दालन त्यातच जाते. दुसरा मार्ग फिरत्या यंत्रांचा. वजनदार चक्राच्या फिरण्यात ऊर्जा साठवून तीच प्रवाहाच्या झटक्यांत बाहेर काढायची. या मार्गाचा उत्तम पुरावा टेक्सस विद्यापीठाच्या केंद्राने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दिला. ३० मिलिमीटरच्या, सव्वादोन मीटर लांबीच्या नळीतून सेकंदाला १,८०० मीटरपलीकडच्या वेगाने पाच गोळे, सेकंदाला पाच या गतीने सोडायची ती योजना होती, आणि एकाच फिरत्या यंत्रातून पाच झटके घ्यायचे होते. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे, कारण इथे विक्रमाऐवजी मालिकेला महत्त्व होते. पण प्रत्येक गोळ्याची ऊर्जा एक मेगाज्यूलच्या तिसऱ्या हिश्शाइतकी होती. त्याच तत्त्वाचे यंत्र शंभरपट मोठे करून फिरवणे, त्याच्या चक्राचे ताण सांभाळणे हे कागदावर सोपे दिसते आणि धातूत अवघड ठरते. ऊर्जावादी पक्षाची बाजू त्यामुळे अर्धी सिद्ध आहे : छोट्या प्रमाणात सलग वीज पुरवता येते, मोठ्या प्रमाणात ती पुरवल्याचा उघड पुरावा नाही.

उष्णता आणि रूळ

दुसरा पक्ष धातुशास्त्रज्ञांचा, आणि त्यांची बाजू मला अधिक वजनदार वाटते. रेलगनमध्ये वाया जाणारी ऊर्जा हा अपघात नाही, ती रचनेतच आहे. प्रवाह शेवटपर्यंत सारखा ठेवला तर गोळ्याला जितकी ऊर्जा मिळते तितकीच रुळांमधल्या चुंबकीय क्षेत्रात अडकून राहते. गोळा बाहेर पडताच ती नळीच्या तोंडाशी भडक ठिणगीच्या रूपाने सुटते आणि तोंड जाळते. प्रवाह शेवटी उतरवून तिचा काही भाग वसूल करता येतो, सगळा नाही. वर धरलेल्या कार्यक्षमतेने एका गोळ्यामागे सुमारे ६२ मेगाज्यूल उष्णतेत जातात. साध्या तापमानाच्या दोनशे लिटर पाण्याला उकळी आणतील इतके. ही सगळी उष्णता रुळांत जात नाही. कपॅसिटर, स्विच, तारा आणि ठिणगी यांत ती वाटली जाते. पण रुळांच्या वाट्याला येणारी उष्णता फार थोड्या जागेत एकवटते. आठ मिलिसेकंदांत उष्णता तांब्यात जेमतेम एक मिलिमीटर खोल जाते, म्हणजे सारा चटका पृष्ठभागालाच बसतो. सहा सेकंदांत ती अडीच सेंटिमीटर आत पसरते, आणि तिथे पाण्याच्या वाहिन्या असतील तर वाहून नेता येते. मिनिटाला दहा गोळे हे लक्ष्य त्यामुळे मनमानी नव्हते. तांब्याच्या स्वभावाशी त्याचा मेळ बसतो. मात्र रुळाचे तापमान शंभर अंशांनी वाढले की तांब्याचा विरोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. मग पुढच्या गोळ्याला अधिक उष्णता, त्याच्या पुढच्याला आणखी अधिक. तापलेले तांबे मऊही पडते, आणि नेमक्या त्याच क्षणी दोन्ही रूळ एकमेकांपासून दूर ढकलले जात असतात.

रुळांचा पृष्ठभाग हा याहून किचकट विषय आहे. आर्मेचर बहुधा ॲल्युमिनियमचे असते. वेग वाढतो तसा प्रवाह त्याच्या मागच्या कडेशी गोळा होतो, तिथला धातू वितळतो आणि त्या वितळलेल्या पातळ थरावरून आर्मेचर घसरत जाते. हा थर वंगणाचे काम करतो, म्हणून तो हवाच असतो. पण तो मागे रुळावर उरतो आणि गोठतो. संपर्क सुटला तर मधे ठिणगीची ज्योत पेटते आणि रूळ खरवडला जातो. सेकंदाला दीड-दोन किलोमीटरच्या पुढे आणखी एक प्रकार दिसतो : रुळावर थेंबाच्या आकाराचे खड्डे उमटतात. रॉकेटवर धावणाऱ्या चाचणी-गाड्यांच्या रुळांवर अभियंत्यांना असेच खड्डे आढळले होते. सुरुवातीच्या भागात, जिथे आर्मेचर क्षणभर जवळजवळ स्थिर असताना पूर्ण प्रवाह झेलते, तिथली झीज वेगळी. या सगळ्याचा अर्थ असा की पहिल्या गोळ्याला जी नळी मिळाली ती दुसऱ्याला मिळत नाही. दारूच्या तोफेतही नळी झिजते, पण हळू आणि एकाच प्रकारे. रेलगनची नळी प्रत्येक गोळ्यागणिक वेगळी होते, आणि सलग माऱ्यात ती पुसायला कोणी मधे येत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दखल घेण्याजोगा आहे. अमेरिकेच्या आयोवा वर्गातल्या युद्धनौकांच्या १६ इंची तोफांची नळीही पूर्ण भारावर तीनशे-साडेतीनशे गोळ्यांनंतर बदलावी लागे, तरी त्या तोफा अनेक दशके कामाच्या ठरल्या. मग रेलगनकडून हजार गोळ्यांची अपेक्षा का? याचे उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. किनाऱ्यावर मारा करणारी तोफ दिवसाकाठी ठरावीक गोळे सोडते आणि नंतर बंदरात जाते. रेलगनचा आजचा मुख्य युक्तिवाद येणारी क्षेपणास्त्रे स्वस्तात पाडण्याचा आहे. तिथे एका हल्ल्यात काही मिनिटांत शे-दीडशे गोळे सोडावे लागतील आणि दोन हल्ल्यांच्या मधे नळी बदलायला सवड मिळणार नाही. शिवाय रेलगनची नळी म्हणजे एक पोलादी नळकांडे नव्हे. रूळ, विद्युतरोधक आणि ते सारे आवळून धरणारे कवच मिळून ती बनते. जुन्या तोफेशी केलेली तुलना म्हणून धीर देते, पण पुरावा देत नाही.

अमेरिकेने काय सोडले, काय ठेवले

अमेरिकी नौदलाचा कार्यक्रम २००५ मध्ये सुरू झाला. पहिला टप्पा ऊर्जेचा होता : जानेवारी २००८ मध्ये १०.६४ मेगाज्यूल, २०१० मध्ये ३३. बीएई सिस्टिम्स आणि जनरल ॲटॉमिक्स या दोन कंपन्यांनी पुढे ३२ मेगाज्यूलच्या नळ्या बांधल्या. २०१२ पासूनचा दुसरा टप्पा मुद्दाम सलग माऱ्यासाठी आखला होता. मिनिटाला दहा गोळे आणि उष्णतेचे नियोजन ही त्याची उद्दिष्टे होती. २०१७ मध्ये लागोपाठ गोळे सोडल्याचे चित्रीकरण प्रसिद्ध झाले. पण पूर्ण ऊर्जा, ठरलेली गती आणि नळीचे ठरलेले आयुष्य या तीन गोष्टी एकाच वेळी साधल्याचे जाहीर झाले नाही. २०१६ साठी ठरलेली समुद्रातली चाचणीही झाली नाही. २०२१ मध्ये पैशांची मर्यादा, जहाजाच्या युद्धप्रणालीशी जुळवून घेण्यातल्या अडचणी आणि इतर शस्त्रांची प्रगती अशी कारणे देण्यात आली. तोवर सुमारे ५० कोटी डॉलर खर्च झाले होते.

त्या खर्चातून एक गोष्ट मात्र तरली, आणि तिसरा पक्ष तिच्यावरच उभा आहे. रेलगनसाठी घडवलेला सडपातळ, दिशा बदलू शकणारा गोळा साध्या दारूच्या तोफेतूनही सोडता येतो, हे लक्षात आले. २०१८ मध्ये ड्यूई या युद्धनौकेच्या पाच इंची तोफेतून असे २० गोळे सोडले गेले. सप्टेंबर २०२० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स मैदानावर १५५ मिलिमीटरच्या तोफेतून सोडलेल्या अशाच गोळ्याने क्रूझ क्षेपणास्त्राच्या जागी ठेवलेले लक्ष्य पाडले. या पक्षाचा युक्तिवाद सरळ आहे : गोळा हुशार असेल तर नळी विलक्षण असण्याची गरज काय? दारूच्या तोफेतून त्याचा वेग रेलगनच्या निम्म्याच्या आसपास राहतो, पण त्या तोफा आज हाताशी आहेत, त्यांचा सलग मारा सिद्ध आहे आणि नळ्या टिकतात. हा युक्तिवाद मला प्रामाणिक वाटतो. त्याची मर्यादा अंतर आणि वेळेत दिसते. वेग निम्मा म्हणजे येणाऱ्या लक्ष्यापर्यंत पोहोचायला जवळपास दुप्पट वेळ, आणि वेगवान क्षेपणास्त्रांसमोर ती वेळच अपुरी पडते. त्यामुळे हा पक्ष रेलगनचा प्रश्न मिटवत नाही; तिच्या कामाचा एक मोठा वाटा काढून घेतो आणि उरलेला अवघड भाग तिच्याकडेच ठेवतो.

लहान नळीचा मार्ग

अमेरिका थांबली त्याच काळात जपान पुढे सरकला, वेगळ्या मोजमापाने. तिथल्या संरक्षण खात्याच्या तंत्रज्ञान संस्थेने २०१६ पासून ४० मिलिमीटरच्या नळीवर काम केले. गोळा सुमारे ३२० ग्रॅमचा, वेग सेकंदाला २,२०० मीटरच्या पुढे, साठ्यातली ऊर्जा सुमारे ५ मेगाज्यूल. गोळ्याच्या वाट्याला येतात ०.८ मेगाज्यूल, म्हणजे साठ्याचा सहावा हिस्सा आणि अमेरिकी लक्ष्याचा चाळिसावा. पण संस्थेने जाहीर केलेला महत्त्वाचा आकडा १२० गोळ्यांचा आहे : तेवढे सोडूनही रुळांची झीज मर्यादित राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये असुका या चाचणी जहाजावरून ही रेलगन समुद्रात चालवली गेली. संशोधनाच्या चालू टप्प्यात सलग मारा, गोळ्याचे हवेतले स्थैर्य आणि नेम धरण्याची प्रणाली हे विषय आहेत. १२० गोळ्यांचा आकडा आयुष्याचा आहे, गतीचा नव्हे, हे विसरता कामा नये. पण आधी रूळ टिकवायचे आणि मग गती वाढवायची, हा क्रम मला योग्य वाटतो. अमेरिकेने आधी ऊर्जा वाढवली आणि मग ती रुळांकडे वळली.

गतीचा आकडा युरोपातून येतो. फ्रान्समधल्या सँ-लुई इथल्या फ्रेंच-जर्मन संशोधन संस्थेने राफिरा नावाची रेलगन केवळ जलद माऱ्यासाठी बांधली. २५ मिलिमीटरच्या चौकोनी नळीतून शंभर ग्रॅमच्या आसपासचे गोळे, सेकंदाला पन्नासच्या गतीने. दोन गोळ्यांमधे वीस मिलिसेकंद, म्हणजे उष्णता दीड मिलिमीटर आत जायच्या आत पुढचा गोळा हजर. हे साधते कारण मालिका मोजक्या गोळ्यांची असते. तापलेला रूळ थोडा वेळ झेलतो. क्षणिक झोत आणि टिकाऊ मारा यांतला हा फरक चर्चेत वारंवार पुसला जातो. येणारे एक क्षेपणास्त्र अडवायला झोत पुरेल, लागोपाठ येणाऱ्या वीस क्षेपणास्त्रांना नाही. जपानने मे २०२४ मध्ये या संस्थेशी आणि जर्मनी-फ्रान्सशी सहकार्याचा करार केला. एकाकडे आयुष्याचा अनुभव, दुसऱ्याकडे गतीचा.

चीनबद्दल ठाम बोलणे कठीण आहे. २०१८ च्या आरंभी हाययांगशान या सैन्य उतरवणाऱ्या जहाजावर मोठ्या तोफेची छायाचित्रे दिसली आणि वुहानच्या नौदल अभियांत्रिकी विद्यापीठाचे नाव पुढे आले. २०२३ मध्ये तिथल्या संशोधकांनी सलग १२० गोळे सोडल्याच्या बातम्या आल्या; स्वतंत्र पडताळणीअभावी त्यांचे वजन मर्यादितच मानावे लागते. भारतात पाषाणच्या संस्थेने २०१७ मध्ये १२ मिलिमीटरच्या चौकोनी नळीची चाचणी घेतली आणि पुढचे पाऊल ३० मिलिमीटरचे ठरवले. लहान नळीपासून पायरीपायरीने वर जाण्याची ही पद्धत जपानच्या मार्गाशी जुळणारी आहे, आणि एका मोठ्या विक्रमाच्या मोहात न पडता ती तशीच चालू राहावी असे मला मनापासून वाटते.

काय बाकी आहे

लहान नळीच्या बाजूने पुरावा अधिक आहे, तरी तिच्यावरचा मुख्य आक्षेप अजून उभा आहे. ०.८ मेगाज्यूलचा गोळा लक्ष्यावर थेट आदळला तर घातक ठरेल. पण इतक्या लहान गोळ्यात दिशा देणारी साधने बसवायची, ती नळीतल्या प्रचंड त्वरणातून आणि चुंबकीय क्षेत्रातून शाबूत बाहेर काढायची, आणि तरीही तो स्वस्त राखायचा, हे अजून दाखवायचे आहे. दहा मीटरच्या नळीत अडीच किलोमीटर वेग गाठताना गोळ्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे तीस हजार पट भार येतो. नळी आखूड केली की तो वाढतो. साधने नसतील तर अनेक गोळ्यांचा मारा करून चूक भरून काढावी लागेल, म्हणजे पुन्हा गतीच हवी. गोळ्याची हुशारी आणि नळीची गती यांचा हा सौदा कुठे जुळतो, यावर मतभेद आहेत आणि ते मोजमापाशिवाय मिटणारे नाहीत.

रुळांचे धातू हा दुसरा मोकळा प्रश्न. तांब्याच्या मिश्रधातूंवर टंगस्टनसारख्या उष्णतेला दाद न देणाऱ्या धातूंचा थर देता येतो, पण कठीण थर आणि मऊ गाभा वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि शेकडो झटक्यांनंतर थर सुटण्याचा धोका राहतो. वीस गोळ्यांच्या चाचणीतून हे कळत नाही. तिसरा प्रश्न प्रमाणवाढीचा : ४० मिलिमीटरवर टिकलेला रूळ शंभर मिलिमीटरवर टिकेल का? प्रवाह, दाब आणि तापमान एकाच प्रमाणात वाढत नाहीत, म्हणून छोट्या नळीचा अनुभव मोठीला जसाच्या तसा लागू होत नाही. म्हणून यापुढे कुठल्याही देशाने रेलगनच्या चाचणीची बातमी दिली, तर वेग आणि ऊर्जेसोबत एकूण गोळे, दोन गोळ्यांमधला वेळ, शेवटच्या गोळ्याचा वेग पहिल्याच्या तुलनेत किती उतरला आणि मधे रुळांना हात लागला का, एवढे चार आकडे तिच्यात आहेत का हे पाहावे. उघडपणे प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांमध्ये हे चारही एकत्र क्वचितच सापडतात.